उन्हाचा हिशेब : शाळकरी मुलांच्या सौरगाड्या आणि शेतावरील सौरपंप

पुणे जिल्ह्यातील रावेत हे गाव पवना नदीच्या काठी वसले आहे. एकेकाळी शेतीवर जगणारे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नदीवरील रावेतच्या बंधाऱ्यातून शहरासाठी पाणी उचलले जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पुण्याकडील टोक येथून जवळच, किवळे येथे आहे. एका अंगास आकुर्डी, निगडी व चिंचवडचे मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, तर दुसऱ्या अंगास भात पिकविणारा मावळ मुलूख, अशा सांध्यावर हे गाव आहे. गावात शाळा आहेत आणि २०१४ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड रिसर्च हे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. या पट्ट्यातील मुले मोटारी पाहतच लहानाची मोठी होतात. अनेकांचे वडील कारखान्यात आणि आजोबा शेतावर, अशी घरे येथे पुष्कळ आहेत.

अशा मुलांनी केवळ उन्हाच्या बळावर धावणारी गाडी स्वतः बांधावी आणि तिची शर्यत लावावी, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास नवलाची वाटेल. परंतु अमेरिकेतील हायस्कूलचे विद्यार्थी तीस वर्षांहून अधिक काळ हे काम करीत आले आहेत. यात मौजेचा भाग आहेच. तथापि कृषिविस्ताराच्या दृष्टीने त्याकडे पाहण्याचे कारण निराळे आहे. उन्हावर गाडी चालविताना मुलांना जो हिशेब मांडावा लागतो, तोच हिशेब सौरपंप बसविणाऱ्या शेतकऱ्यास मांडावा लागतो. गाडीचा हिशेब चुकला तर शर्यत हुकते. पंपाचा चुकला तर पीक वाळते.

खेळण्यापासून शर्यतीपर्यंत

उन्हापासून वीज देणारा सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी घट प्रथम १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे सहा टक्केच शक्ती विजेच्या रूपाने हाती येत असे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५५ च्या ऑगस्टमध्ये, जनरल मोटर्स कंपनीचे विल्यम कॉब यांनी शिकागो येथील प्रदर्शनात उन्हावर चालणारी गाडी दाखविली. ती अवघी पंधरा इंच लांबीची होती. सेलेनियमचे बारा घट आणि एक लहान मोटर एवढेच तिचे यंत्र. पहिली सौरगाडी ही अशी खेळण्याएवढी होती, हे शाळांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माणूस बसून लांब पल्ला गाठील अशी गाडी त्यानंतर सत्तावीस वर्षांनी धावली. १९८२ च्या डिसेंबरात हान्स थोलस्ट्रप व लॅरी पर्किन्स हे दोघे सौरगाडी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरातून निघाले आणि १९८३ च्या जानेवारीत पूर्व किनाऱ्यावरील सिडनीस पोहोचले. चार हजार किलोमीटरच्या या वाटचालीस वीस दिवस लागले. १९८७ साली थोलस्ट्रप यांच्याच पुढाकाराने डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे तीन हजार किलोमीटरची शर्यत सुरू झाली. त्या पहिल्या शर्यतीत जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ गाडी ताशी सरासरी ६७ किलोमीटरच्या आसपास वेग राखून पहिली आली. ही शर्यत पुढे मुख्यतः महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची झाली आणि ती अजूनही भरते.

हायस्कूलच्या मुलांसाठी असा उपक्रम १९९३ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलस येथील विन्स्टन स्कूलमध्ये सुरू झाला. तेथील शिक्षक डॉ. लेहमन मार्क्स हे त्याचे प्रवर्तक होत. पहिली शर्यत १९९५ साली झाली. आज हा उपक्रम ‘सोलर कार चॅलेंज’ या नावाने ओळखला जातो. काही वर्षी फोर्ट वर्थजवळील मोटारशर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर, तर काही वर्षी गावोगावच्या रस्त्यांवरून ही शर्यत होते. धावपट्टीवरील शर्यत अनेक दिवस चालते आणि ज्या गाडीचे फेरे अधिक, ती जिंकते. एखादा फेरा वेगाने मारणाऱ्यापेक्षा दिवसभर न थांबता चालणाऱ्यास येथे महत्त्व आहे.

या शर्यतीत मोठ्या शहरांतील शाळाच पुढे राहिल्या असे नाही. मिसिसिपी राज्यातील ह्यूस्टन हे काही हजार वस्तीचे गाव आहे. त्याच नावाच्या टेक्सासमधील महानगराशी त्याचा संबंध नाही. या लहान गावच्या हायस्कूलने २००० नंतरच्या दशकात ‘सनडान्सर’ नावाची गाडी घेऊन अनेकदा विजेतेपद मिळविले. ग्रामीण भागातील मुलांच्या हाती कसब असले आणि शिक्षकांनी पाठ सोडली नाही, तर काय होऊ शकते याचे हे उदाहरण होय.

जिंकतो तो काटकसर करणारा

सौरगाडीचे मर्म समजण्यासाठी थोडी आकडेमोड केली पाहिजे. भर दुपारी, आकाश निरभ्र असता, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट शक्ती पडते. आजचे चांगले सौर पॅनेल, ज्यास गावात सोलरची प्लेट म्हणतात, त्यापैकी वीस टक्क्यांच्या आसपास शक्ती विजेत रूपांतरित करते. म्हणजे एका चौरस मीटरमागे सुमारे २०० वॅट मिळतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

ऑस्ट्रेलियातील शर्यतीत २०१७ व २०१९ साली मुख्य गटातील गाडीस सिलिकॉनचे अवघे चार चौरस मीटर पॅनेल वापरण्याची मुभा होती. पॅनेल उत्तमातले उत्तम घेतले तरी एवढ्या जागेतून भर दुपारी जेमतेम सव्वा अश्वशक्ती मिळते. शेतावरील तीन अश्वशक्तीच्या पंपाच्या निम्म्यानेही ही शक्ती नाही. साध्या लहान मोटारगाडीचे इंजिन पन्नास-साठ अश्वशक्तीचे असते. तरीसुद्धा २०१९ साली बेल्जियमच्या विद्यार्थ्यांनी ताशी सरासरी ८६ किलोमीटरहून अधिक वेगाने तीन हजार किलोमीटर तोडले आणि शर्यत जिंकली.

हे कसे साधले? ऊन कोणालाही अधिक मिळत नाही, म्हणून मिळकत वाढविण्याचा मार्ग बंद असतो. तेव्हा खर्च कमी करावा लागतो. गाडीचे वजन कमी केले जाते. चाके अरुंद व टायर कडक ठेवले जातात, म्हणजे रस्त्याशी होणारे घर्षण घटते. अंग माशासारखे निमुळते करतात, कारण वेग दुप्पट केला तर वारा कापण्यासाठी आठपट शक्ती लागते. सकाळी कोवळ्या उन्हात किती वेग ठेवावा, दुपारी बॅटरीत किती साठवावे, पुढे ढग दिसत असता हात कोठे आखडावा, याचा तक्ता विद्यार्थी रोज मांडतात.

पुण्यातील वायवे मोबिलिटी या कंपनीने २०२३ च्या वाहन प्रदर्शनात ‘ईव्हा’ ही छपरावर सौर पॅनेल असलेली छोटी विजेची मोटार मांडली. कंपनीच्या सांगण्यानुसार छपरावरील उन्हातून वर्षाकाठी सुमारे ३,००० किलोमीटर चालण्याइतकी वीज मिळू शकते. दिवसाला हे आठ किलोमीटर झाले. उरलेल्या प्रवासासाठी गाडीस घरची वीज द्यावी लागते. ऊन फुकट मिळते, परंतु ते मोजूनमापून मिळते, हा धडा या गाडीतही आहे.

पाबळचा धडा

हाताने काम करीत शिकण्याची परंपरा पुणे जिल्ह्यास नवीन नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शिक्षण हे प्रत्यक्ष कामातून व्हावे, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठीचा अभ्यासक्रम तेथून महाराष्ट्रातील अनेक शाळांत पोहोचला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग आहेत. ‘मेकबुल’ नावाचा कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टरही याच आश्रमात तयार झाला. कलबाग यांचे २००३ साली निधन झाले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेतून २०१६ पासून अनेक शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी साधनसामग्री मिळाली आहे. रावेतच्या परिसरात तर जवळच महाविद्यालयाची कार्यशाळा, सायकलची दुकाने आणि भंगाराचे व्यापारी आहेत. माणूस बसेल अशी सौरगाडी बांधणे हे वरच्या वर्गातील मुलांचे, महाविद्यालयाच्या देखरेखीखाली करण्याचे काम आहे. ती रहदारीच्या रस्त्यावर कधीही आणू नये. परंतु आरंभ कोणत्याही गावच्या शाळेत, दीड वीत लांबीच्या गाडीपासून करता येईल. अमेरिकेत पाचवी ते आठवीच्या मुलांच्या अशा लहान गाड्यांची ‘ज्युनिअर सोलर स्प्रिंट’ ही स्वतंत्र शर्यत असते आणि तिची धाव वीस मीटरची असते.

लहान गाडी कशी करावी

साहित्य : सहा व्होल्ट व तीन वॅटच्या आसपासचे एक लहान सौर पॅनेल, तेवढ्याच व्होल्टची खेळण्यातील मोटर, सांगाड्यासाठी बांबूच्या कामट्या किंवा हलकी फळी, आसांसाठी सायकलच्या चाकाच्या तारा, चाकांसाठी डब्यांची झाकणे किंवा जुन्या सीडी, दोन लहान-मोठ्या कप्प्या व रबर, थोडी वायर, आणि मोजणीसाठी एक मल्टिमीटर. बॅटरी मुळीच लावू नये. त्याचे कारण पुढे येईल.

कृती : प्रथम सांगाडा करून त्यास आस व चाके बसवावीत. पॅनेल बसविण्यापूर्वी गाडी हाताने ढकलून पाहावी. ती सरळ व दूर जात नसेल, तर चाके वाकडी आहेत किंवा आस घासत आहे असे समजावे. हा दोष आधी काढावा. मोटर लावून तो झाकला जात नाही. नंतर मोटरीच्या दांड्यावर लहान कप्पी आणि मागच्या आसावर मोठी कप्पी बसवून दोन्हींवर रबर चढवावे. मोठी कप्पी लहान केली तर वेग वाढतो, पण गाडी जागची हलण्यास त्रास होतो. कोणते माप योग्य, हे तीन-चार कप्प्या पालटून मुलांनी स्वतःच ठरवावे. शेवटी पॅनेल कलते करता येईल अशा रीतीने वर बसवावे व वायर जोडावी. शर्यतीसाठी वीस मीटर लांबीची सपाट जागा घेऊन त्यावर जमिनीलगत एक नायलॉनची दोरी ताणावी आणि गाडीच्या तळाला तारेची कडी करून ती दोरीत ओवावी, म्हणजे गाडी बाजूला जात नाही.

शर्यतीइतकेच महत्त्व पुढील पाच प्रयोगांना द्यावे. मुलांनी प्रत्येक वेळी मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहावा.

पहिला प्रयोग दिशेचा. पॅनेल आडवे ठेवून, मग सूर्याकडे तोंड करून, मग पाठ करून विजेचा प्रवाह मोजावा. रावेत सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. त्या दिवसांत आडव्या पॅनेलला भर दुपारीसुद्धा समोरून मिळणाऱ्या उन्हाच्या सुमारे तीनचतुर्थांशच ऊन लाभते.

दुसरा प्रयोग सावलीचा. पॅनेलच्या एकाच घटावर झाडाचे पान ठेवावे. झाकलेला भाग लहान असूनही मोटर मंदावते किंवा थांबते. मुलांना याचे नवल वाटेल. कारण असे की पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात. पाटात एके ठिकाणी मातीचा ढीग पडला की पुढचे सारे पाणी अडते, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा प्रयोग धुळीचा. पॅनेलवर बारीक माती शिंपडून मोजणी करावी, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा करावी.

चौथा प्रयोग उष्णतेचा. पॅनेल सावलीतून काढून लगेच आणि अर्धा तास उन्हात तापल्यावर अशी दोनदा व्होल्टची मोजणी करावी. पॅनेलला ऊन मानवते, ताप मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले तर सुमारे चौदा टक्के शक्ती जाते.

पाचवा प्रयोग वजनाचा. गाडीवर एकेक खडा ठेवीत जावे आणि वीस मीटर जाण्यास लागणारा वेळ लिहावा.

वहीतून शेताकडे

आता या पाच नोंदी शेतावरील सौरपंपाशेजारी ठेवून पाहाव्यात. पंपालाही बॅटरी नसते. गाडीप्रमाणेच तो ढग येताच मंदावतो आणि ऊन आले की जोर धरतो. म्हणूनच मुलांच्या गाडीस बॅटरी न लावण्याची सूचना वर केली आहे.

सौरपंपाची मागणी वाढण्यास सबळ कारण आहे. शेतीसाठीची वीज पाळीने मिळते आणि अनेक ठिकाणी ती पाळी रात्रीची येते. काळोखात दारे धरताना विंचू-सापाचे भय असते. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडाशेजारी बिबट्याचेही असते. दिवसा पाणी देता यावे, ही शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित गरज आहे. केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ पासून आणि महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ पासून याच हेतूने राबविली जात आहे. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा असतो. जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप दिला जातो. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावेत.

पंप मिळाल्यावर मात्र पुष्कळ ठिकाणी चूक होते ती हिशेबाची. पाच अश्वशक्तीच्या पंपास सुमारे ४,८०० वॅटचे पॅनेल लागते. पुणे परिसरात वर्षाची सरासरी धरता रोज एका चौरस मीटरवर पाच ते साडेपाच युनिट ऊन पडते. उष्णता, धूळ व वायर यांतील घट वजा जाता अशा पंपास चांगल्या दिवशी अठरा युनिटच्या आसपास वीज मिळेल असे धरणे शहाणपणाचे आहे.

एका युनिटात किती पाणी येते, हे पाणी किती खोलवरून उचलावयाचे यावर ठरते. निम्मी शक्ती पंप व मोटरीच्या झिजेत जाते असे धरले, तर तीस मीटर उंचीसाठी एका युनिटात सुमारे ६,००० लिटर पाणी वर येते. साठ मीटर उंची असेल तर तेवढ्याच विजेत ३,००० लिटरच येते. म्हणजे तीस मीटरच्या विहिरीवर दिवसाला सुमारे १,०८,००० लिटर आणि साठ मीटरच्या कूपनलिकेवर सुमारे ५४,००० लिटर. शेजाऱ्याच्या पंपाची धार पाहून आपली अपेक्षा ठरवू नये. त्याच्या व आपल्या पाण्याची खोली आधी मोजावी.

हे पाणी किती क्षेत्रास पुरेल? एका एकरावर एक सेंटिमीटर पाणी देण्यास सुमारे ४०,००० लिटर लागतात. मोकाट पद्धतीने एका पाळीस पाच ते सात सेंटिमीटर पाणी दिले, तर एकराला दोन ते तीन लाख लिटर होतात. तीस मीटरच्या विहिरीवरील पाच अश्वशक्तीच्या पंपाची दोन ते तीन दिवसांची मिळकत एका एकरातच जिरते. तेच पाणी ठिबक संचाने दिले आणि पिकाची गरज दिवसाला चार ते पाच मिलिमीटर धरली, तर एकरास १६,००० ते २०,००० लिटर पुरतात, आणि एका दिवसाच्या उन्हात पाच ते सहा एकर भिजतात. ठिबकच्या नळ्यांतील दाबासाठी काही शक्ती खर्च होते, तेवढी सूट या आकड्यात धरावी. पंप तोच, ऊन तेच, फरक काटकसरीचा. शर्यतीत जिंकणाऱ्या गाडीनेही हेच केलेले असते.

शेतकऱ्यांनी पाळावयाच्या गोष्टी

१. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे व कल स्थानिक अक्षांशाएवढा असावा. कल बदलण्याची सोय असेल तर हिवाळ्यात तो वाढवावा आणि उन्हाळ्यात कमी करावा.

२. जागा निवडताना केवळ दुपारची सावली पाहू नये. सकाळी नऊपासून चारपर्यंत, आणि विशेषेकरून डिसेंबरात, बाभूळ, लिंब, विजेचा खांब किंवा घराची भिंत यांची सावली कोठवर येते ते पाहून खुणा कराव्यात. ऊस व मका वाढल्यावर त्यांचीही सावली पडते. वेलींना पॅनेलच्या खांबावर चढू देऊ नये.

३. पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी लवकर किंवा सायंकाळी साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. काच तडकण्याचा संभव असतो. रस्ते व बांधकामे चालू असलेल्या भागात, जसा रावेत-चाकणचा पट्टा आहे, धूळ अधिक बसते. तेथे अधिक वेळा धुवावे.

४. पॅनेलखाली वारा खेळता असावा. कडबा किंवा पोती रचून खालची जागा बंद करू नये.

५. ऊन साठविता आले नाही तरी पाणी साठविता येते. ज्या दिवशी पिकास पाणी नको, त्या दिवशी पंप बंद न ठेवता पाणी टाकीत किंवा शेततळ्यात घ्यावे. सौरपंपाची बॅटरी ती हीच. मात्र विहिरीच्या पाण्याची पातळी पाहूनच उपसा करावा. ऊन फुकट असले तरी भूजल फुकट नाही.

६. गळके जोड, अरुंद नळ व अनावश्यक वळणे शक्ती खातात. घासणाऱ्या आसाप्रमाणे हा दोष आधी काढावा.

७. मुलांच्या लहान गाडीतील वीज निरुपद्रवी असते, परंतु पंपाच्या पॅनेलमधून शेकडो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही. त्या वायरींना मुलांनी वा शेतकऱ्याने हात लावू नये. दुरुस्ती पुरवठादाराच्या माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावी. राज्याच्या योजनेतील पंपास पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते; तिचे कागद जपून ठेवावेत.

ग्रामसेवक व कृषी सहायकांसाठी

गावात सभा घेऊन सौरपंपाची माहिती सांगितली जाते, तेव्हा आकडे ऐकून माणसे कंटाळतात. त्याऐवजी गावच्या हायस्कूलच्या शिक्षकांशी विचारविनिमय करून आठवी-नववीच्या मुलामुलींकडून चार-पाच लहान गाड्या करून घ्याव्यात. एका गाडीवर पाच-सहा मुलांचा गट असावा आणि प्रत्येक गटात मुली असाव्यात. हिवाळ्यातील किंवा फेब्रुवारीतील एखादा निरभ्र दिवस शर्यतीसाठी ठरवावा. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये. पालकांना बोलवावे. शर्यत झाल्यावर प्रत्येक गटाने आपली वही वाचून दाखवावी आणि पानाच्या सावलीचा प्रयोग सर्वांसमोर करावा. झाडाच्या एका पानाने गाडी थांबते हे ज्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले, तो आपल्या पॅनेलवर बाभळीची फांदी येऊ देणार नाही.

त्यानंतर त्याच मुलांना गावातील सौरपंपाच्या नोंदी ठेवण्यास सांगावे. पंपाची धार एका ठराविक भांड्यात किती सेकंदांत भरते, हे आठवड्यातून एकदा एकाच वेळी मोजावे; पॅनेल धुण्यापूर्वी व धुतल्यानंतरही मोजावे. या साध्या वहीतून पंपाचे आजारपण लवकर कळते. धार हळूहळू कमी होत असेल तर धूळ, सावली किंवा विहिरीची पातळी तपासावी. ती एकाएकी निम्म्यावर आली तर तक्रार नोंदवावी. ज्या गावी महाविद्यालय जवळ आहे, तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मदत घ्यावी. रावेतसारख्या ठिकाणी ती सहज मिळण्याजोगी आहे, आणि तेथील वरच्या वर्गातील मुलांना पुढे माणूस बसेल अशी गाडी बांधण्याचे ध्येयही ठेवता येईल.

मावळ, खेड व मुळशीतील अनेक मुले उद्या कारखान्यांत जातील, काही शेतावर राहतील. दोन्ही ठिकाणी शक्ती मोजून वापरणाऱ्या माणसांची गरज आहे. उन्हाची आवक किती आणि आपला खर्च किती, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिण्याची सवय या वयात लागली, तर ती गाडीपाशी थांबणार नाही. शेतकरी बांधवांनी आपल्या गावच्या शाळेस असा उपक्रम घेण्यास सांगावे, आणि सौरपंपाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या विहिरीची खोली, बांधावरच्या झाडांची सावली व पिकाची पाण्याची गरज घरातील शाळकरी मुलामुलींकडून कागदावर मांडून घ्यावी.